ताकद आणि चौकट

गाडीविषयी बोलताना आपण पहिल्यांदा तिच्या इंजिनाविषयी बोलतो. अश्वशक्ती किती, ताशी वेग किती, घाट चढताना दम लागतो की नाही, हेच प्रश्न विचारले जातात. ती ताकद जमिनीपर्यंत पोचविणारा आणि जमिनीचे दणके सोसणारा जो भाग गाडीच्या पोटाखाली असतो, त्याची आठवण तो मोडल्यावरच होते. वाहनांचा इतिहासही बराचसा असाच, म्हणजे इंजिनाच्या बाजूने लिहिला गेला आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्या उपेक्षित भागाकडे पाहणार आहोत. त्यातही आमचे लक्ष आहे ते गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनवर आणि ते ज्या छोट्या, स्वतंत्र चौकटीवर बसविलेले असते त्या सबफ्रेमवर.

हा विचार आम्हाला नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, हिवरे बाजार या गावाच्या निमित्ताने करायचा आहे. हे गाव मोटारींसाठी नव्हे, पाण्यासाठी ओळखले जाते, याची आम्हाला जाणीव आहे. तरीही जुन्या वेगवान गाडीला नवी सबफ्रेम बसविणाऱ्या माणसासमोर जो प्रश्न उभा राहतो, त्याच जातीच्या प्रश्नाला या गावाने आपल्या शिवारात उत्तर दिले, असे आमचे मत आहे. प्रश्न असा : ताकद वाढवायची तर ती पेलणारी चौकट आधी उभी करायची, की ताकद वाढवून घ्यायची आणि चौकटीचे मागाहून पाहायचे?

आरंभ बैलगाडीपासून करणे भाग आहे. लाकडी चाक, त्यावर चढविलेली लोखंडी धाव, मधोमध तुंबा, तुंब्यातून जाणारा आस आणि आसावर जवळजवळ थेट टेकलेला साटा, अशी ही रचना. आस आणि साटा यांच्यामध्ये दणका जिरविणारे काहीही नाही. चाक दगडावर चढले की दणका आसातून साट्यात, साट्यातून दांडीत आणि दांडीतून जुवात जातो. शेवटी तो बैलाच्या मानेवर उतरतो. टांग्यात माणसे बसत, म्हणून टांग्याला लोखंडी कमानी आल्या. धान्याच्या पोत्यांना हाडे नसतात, म्हणून भाराची गाडी तशीच राहिली. बैलाला हाडे असतात, ही गोष्ट हिशेबात धरली गेली नाही. पुढे रबरी टायरची गाडी आली आणि हा जाच काहीसा कमी झाला. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकात बैलगाडीच्या सुधारणेचा जो पाठपुरावा केला, त्यामागेही बैलाच्या मानेचा हाच विचार होता. बैलगाडीने शिकविलेला धडा साधा आहे. दणका जिरवायला जागा ठेवली नाही, तर ज्याला बोलता येत नाही त्याच्या वाट्याला तो जातो.

हिवरे बाजारहून नगर शहर सोळा-सतरा किलोमीटरवर आहे. या शहराचे चिलखती वाहनांशी जुने नाते आहे. लष्कराचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल येथे आहे आणि १९९४ साली त्याच्या आश्रयाने रणगाड्यांचे संग्रहालयही उभे राहिले. वाहनांच्या पायाखालचा इतिहास ज्याला डोळ्यांनी पाहायचा आहे, त्याने ते जरूर पाहावे. सेंच्युरियन रणगाड्याच्या बाजूला जोडीजोडीने बसविलेली चाके आणि त्यांच्यामधल्या आडव्या स्प्रिंगा पाहाव्यात. पॅटनचे दणके रणगाड्याच्या पोटातून आडव्या गेलेल्या, पिळल्या जाणाऱ्या पोलादी कांबी झेलत, हे तिथे समजावून घ्यावे. पण आमच्या विषयाला सर्वांत जवळची वस्तू या संग्रहात वेगळीच आहे. ती म्हणजे रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर उभारलेली चिलखती गाडी.

सिल्व्हर घोस्ट ही तिच्या काळातली अव्वल गाडी होती. सात लिटरहून मोठे, सहा सिलिंडरचे इंजिन, आणि चालताना आवाज जवळजवळ नाही. आपल्याकडच्या संस्थानिकांनाही या गाड्यांची मोठी हौस होती. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर १९१४ साली ब्रिटिश नौदलाच्या विमानदलाने या गाडीची डौलदार बॉडी उतरवून तिच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे आणि फिरता बुरूज चढविला. इंजिनाला हात लावण्याची फारशी गरज पडली नाही. ताकद भरपूर होती. बदलावे लागले ते खालचे. चिलखताचा भार पेलण्यासाठी कमानपाटे मजबूत करावे लागले आणि मागे दुहेरी चाके द्यावी लागली. तयार गाडी घेऊन, तिच्याकडून मूळ निर्मात्याने न योजलेले काम करून घेण्यासाठी तिचे सस्पेन्शन बदलणे, या प्रकाराचे हे एक फार जुने आणि नामांकित उदाहरण होय.

या गाडीची पुढची दोन्ही चाके एकाच अखंड आसाच्या दोन टोकांना होती आणि तो आस कमानपाट्यांवर बसविलेला होता. त्या काळातल्या बहुतेक गाड्या अशाच असत. या रचनेत एक जन्मजात दोष आहे. डावे चाक खड्ड्यात गेले की आस कलतो आणि उजवे चाकही कलते. वेग वाढला की फिरणारी चाके भोवऱ्यासारखी वागू लागतात. एका बाजूचा कल दुसऱ्या बाजूच्या थरथरीला खतपाणी घालतो आणि स्टिअरिंग हातात थडथडू लागते. पाटे मऊ केले तर ही थरथर वाढते, कडक केले तर प्रवाशांचे हाल होतात. १९२२ सालच्या इटालियन लान्चिया लाम्ब्डाने पुढच्या चाकांना एकमेकांपासून स्वतंत्र करून या कोंडीतून वाट काढली होती. पण अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादनात ही कल्पना रुजविण्याचे श्रेय मॉरिस ओली या अभियंत्याकडे जाते.

ओली मूळचा रोल्स-रॉइसचा. १९३० साली तो जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात गेला. त्याने वजने मागेपुढे सरकविता येतील अशी एक प्रायोगिक गाडी बनविली आणि प्रवाशाला सुख नेमके कशाने मिळते याचा पद्धतशीर शोध घेतला. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात, असा त्याचा निष्कर्ष होता. आणि तेवढ्या मऊ स्प्रिंगा अखंड आसाला सोसत नाहीत. म्हणून १९३४ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सच्या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आले. कॅडिलॅकवरच्या रचनेत वर एक आखूड आर्म, खाली एक लांब आर्म, मध्ये गुंडाळीची स्प्रिंग. पुढची अनेक दशके जगभरच्या गाड्यांनी हीच मांडणी गिरविली.

ओलीच्या या यशाचा एक परिणाम तितकासा लक्षात घेतला जात नाही. अखंड आस होता तोवर दोन्ही चाकांमधली ओढाताण आस स्वतःच्या अंगावर घेत असे. चाके स्वतंत्र झाली तशी ती ओढाताण आर्मच्या मुळांशी, म्हणजे थेट चौकटीवर आली. पुढची चौकट लवचीक असेल, तर आर्म कितीही अचूक असले तरी व्यर्थ. त्यांची मुळेच हलत राहणार. म्हणून स्वतंत्र सस्पेन्शनबरोबर गाडीच्या पुढच्या भागात भक्कम आडवी तुळई आली आणि चौकट अधिक ताठ करावी लागली. चाकांना मिळालेल्या स्वातंत्र्याची किंमत चौकटीने चुकविली, असे म्हणता येईल.

सबफ्रेमचा जन्म याच गरजेतून समजून घ्यावा लागतो. गाडीची बॉडी हीच तिची चौकट, अशी रचना रूढ झाल्यावर पत्र्याच्या बॉडीवर इंजिन, स्टिअरिंग आणि पुढचे आर्म यांचा सगळा भार कुठे टांगायचा हा प्रश्न आला. १९६४ साली आलेल्या फोर्ड मस्टँगने तो इंजिनाच्या दोन्ही बाजूंना उभ्या केलेल्या पत्र्याच्या बुरुजांवर टांगला. वरच्या आर्मवर बसलेली स्प्रिंग त्या बुरुजात शिरत असे. १९६७ सालच्या शेव्हर्ले कॅमरोने दुसरा मार्ग घेतला. तिची मागची बाजू अखंड बॉडीची, पण पुढे एक स्वतंत्र सबफ्रेम, बॉडीला बोल्टने जोडलेली. इंजिन, स्टिअरिंग, आर्म हे सारे तिच्यावर.

या दोन्ही गाड्या ताकदीसाठी विकत घेतल्या जात, पण त्यांच्या पुढच्या आर्मची मांडणी सामान्य गाड्यांचीच होती. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते. त्या वेळी बाहेरच्या चाकाचा माथा किंचित आत कलला, तर टायर रस्त्यावर सपाट बसतो आणि पकड टिकते. या गाड्यांमध्ये नेमके उलट घडे : माथा बाहेर कले आणि टायर कडेवर उभा राही. १९६५ सालच्या शेल्बी जीटी ३५० या मस्टँगवर यासाठी केलेला उपाय मोठा बोधप्रद आहे. वरच्या आर्मचे मूळ फक्त एक इंच खाली घेण्यात आले. त्यासाठी लागली ती नव्या जागी पाडलेली काही भोके. अश्वशक्तीत या बदलाने तिळमात्र भर पडली नाही. वळणावरची गाडी मात्र बदलून गेली.

पुढे या गाड्या जुन्या झाल्या, त्यांच्यात मूळपेक्षा कितीतरी जोरकस इंजिने बसविली जाऊ लागली, आणि मग संपूर्ण सबफ्रेमच बदलण्याचा धंदा उभा राहिला. १९७४ सालच्या मस्टँग टू या, एरवी फारशा कौतुकाच्या न ठरलेल्या गाडीचे पुढचे सस्पेन्शन आटोपशीर होते. ते उचलून जुन्या गाड्यांना बसविण्याची अमेरिकेत प्रथाच पडली. कॅमरोच्या बाबतीत काम आणखी सोपे, कारण मूळ सबफ्रेम बोल्टवरच होती. जुनी खाली उतरवायची आणि त्याच जोडांवर दुसऱ्या निर्मात्याने बनविलेली नवी चढवायची : अधिक ताठ, आर्मची मुळे योग्य जागी घेतलेली, जुन्या स्टिअरिंग बॉक्सऐवजी रॅक अँड पिनियन असलेली.

पण इथेही ओलीचाच धडा पुन्हा समोर येतो. पुढची चौकट ताठ केली की तिने पूर्वी स्वतः वाकून जिरविलेला ताण आता मागे सरकतो आणि मधल्या, पत्र्याच्या भागावर येतो. म्हणून जाणकार कारागीर नव्या सबफ्रेमबरोबर पुढच्या व मागच्या चौकटींना जोडणाऱ्या पोलादी पट्ट्याही बसवितात. एक जागा बळकट करणे म्हणजे पुढची कमजोर जागा शोधून काढणे. जो हे जाणतो तो सुधारणा करतो. जो जाणत नाही तो मोडण्याची जागा फक्त बदलतो.

आता आपल्या रस्त्यांकडे वळू. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे खडी फोडायला आणि रस्त्यांच्या कामांवर गेली. त्याच काळात आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले. नगरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात दुष्काळाने अशा रीतीने गावोगाव वाटा पोचविल्या. त्या वाटांवर धावल्या त्या प्रामुख्याने जीपगाड्या. पुढे अखंड आस आणि कमानपाटे, म्हणजे तत्त्वतः सिल्व्हर घोस्टचीच रचना. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फियाटला, पुढच्या प्रीमियर पद्मिनीला, पुढे स्वतंत्र आर्म आणि गुंडाळीच्या स्प्रिंगा होत्या. पण तिची खरी कर्मभूमी मुंबई, आणि टॅक्सी म्हणून तिचा निरोप झाला तोही मुंबईतच, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर. खेड्यापाड्यांतल्या मोठ्या प्रवासी गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले ते पुण्यात घडलेल्या, १९९४ साली बाजारात आलेल्या टाटा सुमोसारख्या गाड्यांतून. तिथे दणका झेलायला पिळाच्या कांबी होत्या.

या गाड्यांवर आपल्याकडे जी सुधारणा सर्रास झाली, ती वळण घेण्यासाठी नव्हे, भार घेण्यासाठी. दहा माणसांच्या गाडीत पंधरा बसवायची, ट्रॉलीत दीडपट माल भरायचा, तर मागे एखादा पाटा वाढवून घ्यायचा. पाटा वाढतो, ब्रेक तेच राहतात, आस तोच राहतो, पुढचे बॉल जॉइंट तेच राहतात. अमेरिकन हौशी माणूस ताकद वाढवून चौकट विसरतो, आपला वडापवाला भार वाढवून चौकट विसरतो. एकाची चूक हौसेची, दुसऱ्याची पोटाची. यंत्राच्या लेखी दोन्ही सारख्याच.

उलट दिशेचेही एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्रा थारच्या २०१० सालच्या सीआरडीई आवृत्तीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन होते. डोंगरदऱ्यांत गाडी चालविणाऱ्या काही हौशी मंडळींनी ते काढून पुन्हा अखंड आस बसविला, कारण खडकांवर एक चाक वर उचलले गेले की दुसरे खाली दाबणारा तो जुना आसच उपयोगी पडतो. हमरस्त्यावर जो दोष, तोच कड्यावर गुण. म्हणजे उत्तम सस्पेन्शन असे काही सुटे अस्तित्वात नसते. ते कोणत्या जमिनीसाठी उत्तम, एवढेच विचारता येते.

अशा बदलांकडे आपला कायदा संशयाने पाहतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून दूर जाणाऱ्या फेरफाराला मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ नव्या रूपात आले; त्यानुसार बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. फेरफारासाठी तपशील ठरवून देण्याचा अधिकार केंद्राला आहे, पण सबफ्रेम किंवा आर्म बदलू पाहणाऱ्याला त्याचा व्यवहारात फारसा आधार मिळत नाही.

कायद्यामागची भीती खोटी नाही. रस्ता सर्वांचा असतो, आणि एकाच्या हौसेचा दणका दुसऱ्याच्या अंगावर येऊ शकतो. आमचा आक्षेप वेगळा आहे. मोजमाप करून आर्मचे मूळ इंचभर खाली घेणारा आणि ऐट म्हणून स्प्रिंग कापून गाडी खाली बसविणारा, हे दोघे या कायद्याला सारखेच दिसतात. आणि वाढविलेला पाटा तर बहुधा दिसतच नाही. जर्मनीत सुट्या भागाची आधी तपासणी होते, तो बसविल्यावर तज्ज्ञ गाडी पाहतो आणि बदलाची नोंद गाडीच्या कागदपत्रांत होते. आपल्याकडे गाड्यांचे नमुने तपासण्याचा अधिकार ज्या संस्थांना आहे, त्यांत पुण्याची एआरएआय आहे आणि संरक्षण संशोधन संघटनेची नगर येथील व्हीआरडीईही आहे. तपासण्याची विद्या घरातच आहे. तिचा उपयोग फक्त कारखान्यांसाठी का व्हावा?

सरसकट मोकळीक आणि सरसकट बंदी यांच्यामधली ही जी वाट, तिचाच विचार करताना आम्ही हिवरे बाजारकडे येतो. १९७२ नंतर महाराष्ट्रभर शेतकऱ्याच्या हाती नवी ताकद आली : विजेचा पंप आणि पुढे खोल बोअर. प्रत्येकाने आपापले इंजिन वाढविले. खालची जमीन मात्र तीच होती, तेवढेच पाणी साठविणारी. एकाच्या बोअरचा दणका शेजाऱ्याच्या विहिरीने सोसला, आणि शेवटी तो सोसला भूगर्भाने, ज्याला बैलाप्रमाणेच बोलता येत नाही. राज्याने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी आणि २००९ मध्ये अधिक व्यापक असा भूजल कायदा केला. पण कायदा पुस्तकात राहतो आणि बोअर रात्रीतून होतो.

हिवरे बाजारने क्रम उलटा धरला. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. कमी पावसाचे, डोंगर उघडे पडलेले आणि रोजगारासाठी माणसे बाहेर जाणारे गाव त्यांच्या हाती आले. आधी पाण्याची ताकद वाढविण्याऐवजी गावाने आधी ती धरून ठेवणारी चौकट उभी केली : डोंगरउतारावर सलग समतल चर, बांध, पाझर तलाव, आणि जोडीला चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन व श्रमदान. १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आले. पाणी आल्यावरचे नियम आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटतात. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही. ऊस आणि केळी यांसारखी तहानलेली पिके घ्यायची नाहीत. पाऊस किती पडला, भूगर्भात किती मुरला याचा दरवर्षी ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पिके ठरवायची. बंदी इथेही आहे, पण ती मोजमापावर उभी आहे आणि जे ती पाळतात त्यांनीच ग्रामसभेत ती ठरविली आहे.

ग्रामसभा ही या गावाची सबफ्रेम आहे, असे आम्ही म्हणतो ते या अर्थाने. शेतकऱ्याची ताकद आणि जमिनीची सोशिकता यांच्यामध्ये ती बसली आहे. दोन्हींकडचा ताण ती घेते आणि वाटून देते. उपमेला अर्थातच मर्यादा आहेत. गाडी एकाची असते, गाव अनेकांचे. आणि सबफ्रेम तयार विकत मिळते, तर ग्रामसभा गावाला स्वतःच घडवावी लागते. राज्यात आदर्श गावाची सूत्रे इतर गावांकडे नेण्याचे प्रयत्न झाले, त्यांत पोपटरावांचा स्वतःचा मोठा वाटा आहे आणि २०२० मध्ये जाहीर झालेल्या पद्मश्रीने त्या कार्याची दखलही घेतली. पण कॅमरोची सबफ्रेम मस्टँगला बसत नाही. दोन्हींचे जोड वेगळे. पाच सूत्रांचा संच कोणत्याही गावाला पाठविता येतो. तो कसण्यासाठी लागणारे जोड, म्हणजे एकमेकांवरचा विश्वास, हिशेब उघड्यावर मांडण्याची सवय आणि स्वतःच्या फायद्याला स्वतः लगाम घालणारी माणसे, त्या गावात आधीपासून असावी लागतात किंवा धीराने तयार करावी लागतात.

वाहनांच्या शंभर वर्षांनी जे शिकविले ते हिवरे बाजारच्या पस्तीस वर्षांनीही शिकविले आहे. ताकद वाढविणे तुलनेने सोपे असते, ती पैशाने येते. चौकटीला मात्र जमीन ओळखावी लागते, मोजावे लागते, आणि आपला दणका शेवटी कोणाच्या मानेवर उतरतो हे विचारण्याची तयारी ठेवावी लागते. वाहन असो की गाव, या प्रश्नाचे उत्तर ज्याने आधी दिले त्याचीच ताकद टिकली, असे इतिहास पाहता आम्हाला वाटते.